पिलूं घरीं येण्यापूर्वीं

घरांत कुत्र्याचें पिलूं आणावें कीं नाहीं, हा प्रश्न बहुधा मुलें उपस्थित करतात. त्यास अनुमोदन आजोबा देतात. विरोध आजी करतात. आणि ज्या सूनबाईंना पुढें त्या पिलाचें सर्व कांहीं करावें लागतें, त्यांचें मत कोणी विचारीत नाहीं. आमच्या हिंगोलीकडील एकत्र कुटुंबांत हा क्रम आम्हीं इतक्या वेळां पाहिला आहे, कीं पिलाची टोपली कोठें ठेवावी हें सांगण्याआधीं या गोष्टीविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. जागेची तयारी एका दिवसांत होते. माणसांची तयारी त्याआधीं व्हावी लागते.

हिशेब साधा आहे. नीट सांभाळलेला कुत्रा बारा-चौदा वर्षें जगतो. आज हट्ट धरून बसलेला दहा वर्षांचा नातू त्या मुदतींत दहावी-बारावी होऊन पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास शिकावयास गेलेला असेल, कदाचित् नोकरीसहि लागलेला असेल. कुत्रा मात्र घरींच राहील, आणि म्हातारपणीं त्याला उचलून अंगणांत नेण्याचें काम मागें उरलेल्यांवर पडेल. तेव्हां होकार घ्यावयाचा तो या मागें उरणाऱ्या माणसांचा. मुलाचा आनंद हें पिलूं आणण्याचें कारण होऊं शकेल. तो त्याच्या पालनाचा आधार होऊं शकत नाहीं.

आजींचा विरोधहि हंसण्यावारी नेऊं नये. ज्या बाईंनीं पन्नास वर्षें सोंवळ्यानें स्वयंपाक केला, त्यांच्या ओट्याजवळ कुत्र्यानें नाक लावावें हें त्यांना रुचणार नाहीं, आणि तें त्यांच्यावर लादण्याचा अधिकार नातवंडांस नाहीं. तथापि शास्त्रानें कुत्र्यास अजिबात दूर लोटलें आहे, असेंहि कोणी समजूं नये. वैश्वदेवाच्या बलिहरणांत कुत्र्याच्या वांट्याचें अन्न भूमीवर ठेवावें, असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलेलें आहे. ज्यांच्या घरीं दत्ताची तसबीर आहे, त्यांच्याकडे तर चार कुत्रे कित्येक वर्षांपूर्वींच येऊन राहिले आहेत! आणि नामदेवमहाराजांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें नरसी हें गांव आमच्याच जिल्ह्यांत कयाधूच्या कांठीं आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यानें ती कोरडी खाऊं नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट आजींनींच नातवंडांस सांगितलेली असते.

म्हणून तडजोड अशी करावी. देवघर आणि स्वयंपाकघर यांचे उंबरठे पिलानें ओलांडावयाचे नाहींत. तेथें पहिल्या दिवसापासून एक आडवी फळी लावावी. ओसरी, माजघर आणि अंगण हें त्याचें राज्य. पिलूं हें बंधन आनंदानें शिकतें. अट इतकीच, कीं घरांतील माणसांनीं तें मोडूं नये. एका काकांनीं जेवतांना पाटाखालून पोळीचा तुकडा टाकावयाचा, आणि तोच तुकडा खाण्यास आल्याबद्दल दुसऱ्या काकांनीं छडी उगारावयाची, असें झालें तर दोष पिलाचा नव्हे. हांकेचें नांव एक, मनाईचा शब्द एक, आणि जेवणाच्या वेळा ठरलेल्या, एवढें तरी सर्वांनीं एकमतानें पाळावें.

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभींच, एका पिलाची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या सरमेच्या पिलास राजाच्या तिघां भावांनीं मारून हांकलून दिलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें. त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. सरमेनें येऊन विचारलें, कीं याचा अपराध काय? कोणालाच उत्तर देतां आलें नाहीं. तिनें शाप दिला, आणि राजाला त्याच्या शांतीसाठीं योग्य पुरोहित शोधीत हिंडावें लागलें. आमच्या मतें ही कथा पिलूं आणणाऱ्या प्रत्येक घरांत आधीं वाचली जावी. फरशीवर घाण दिसली कीं तासाभरानें पिलाची मान धरून त्याचें नाक त्यांत घासण्याची दुष्ट चाल अजून आढळते. मागच्या कृतीचा आणि आतांच्या शिक्षेचा संबंध पिलास कळत नाहीं. त्याला केवळ भय कळतें. झोंपेंतून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लागलीच अंगणांतील एकाच ठिकाणीं न्यावें, व काम होतांच शाबासकी द्यावी. कांहीं आठवड्यांत तें स्वतःच दाराशीं जाऊन उभें राहूं लागतें.

आतां घराची तयारी. कर्त्या पुरुषानें एकदां जमिनीवर बसून, हातभर उंचीवरून आपलें घर पहावें. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, मोबाईलच्या चार्जरच्या दोऱ्या, पादत्राणें, औषधांच्या गोळ्या, फिनेलची बाटली, हें सर्व उंच फडताळांत गेलें पाहिजे. उंदरांचें विष तर घरांत ठेवूंच नये. हौदावर झांकण, विहिरीस कठडा आणि गच्चीच्या जिन्यास आडोसा असावा. पूजेच्या फुलांसाठीं अंगणांत लावलेली कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे; पिलूं हिंडेल तेथून ती काढावी, किंवा तिला कुंपण घालावें. वसमतकडील ज्या घरीं हळदीचा हंगाम असतो, त्यांनीं हळद शिजविण्याच्या जागेपासून आणि फवारणीच्या औषधांपासून पिलूं दूर राहील अशी व्यवस्था ठेवावी. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून सावलींत मातीच्या पसरट भांड्यांत पाणी सदैव भरलेलें असावें, आणि दुपारच्या तापलेल्या रस्त्यावर पिलास नेऊं नये.

खाण्याच्या बाबतींत प्रेमळ हातच अधिक घात करतात. सत्यनारायणाच्या प्रसादांतील बेदाणा, लहान मुलाच्या हातांतील चॉकलेट, द्राक्षें, कांदा-लसूण घातलेली भाजी, बशींतील चहा, हीं सर्व कुत्र्यास बाधतात. बेदाण्यांनीं व द्राक्षांनीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. प्रसाद नाकारूं नये हा नियम माणसांसाठीं आहे. गाईच्या दुधानें पुष्कळ पिलांस ढाळ लागतो, आणि नुसत्या दूध-भातावर किंवा दूध-पोळीवर त्यांचें पोषण होत नाहीं. वाढत्या पिलास प्रथिनें भरपूर लागतात. ज्या घरांत अंडें चालत नाहीं, त्यांनीं पशुवैद्यांस विचारूनच आहार ठरवावा. स्वतःच्या अनुमानानें ठरवूं नये.

पिलूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. आईच्या आणि भावंडांच्या संगतींत तें जोरानें चावूं नये हें शिकतें, आणि तें शिक्षण पुढें आपणांस देतां येत नाहीं. आणतांना आईच्या अंगावर घांसलेलें एखादें जुनें फडकें बरोबर आणावें. पहिल्या कांहीं रात्री पिलूं रडणार. त्याची टोपली कोणाच्या तरी अंथरुणाजवळ ठेवावी आणि त्यांत तें फडकें घालावें. आल्या दिवशीं सगळी आळी पहावयास बोलावूं नये.

पशुवैद्य मात्र पिलूं येण्यापूर्वींच पाहून ठेवावा. जंतांचें औषध पशुवैद्य सांगतील तेव्हां द्यावें. पार्व्हो आणि डिस्टेंपर या प्राणघातक रोगांवरील लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात, आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळाव्या आठवड्यापर्यंत द्याव्या लागतात. तोंवर पिलास रस्त्यावरील कुत्र्यांत मिसळूं देऊं नये. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यांत देतात, व पुढें पशुवैद्य सांगतील तेव्हां ती पुनः द्यावी लागते. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोंचून वांचविलें. पण या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी वांचणें आजहि जवळजवळ अशक्य आहे. म्हणून कोणत्याहि कुत्र्याचा दांत किंवा नख लागल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जावें. आमच्या जिल्ह्यांत हळदीची वाण नाहीं. परंतु अशा जखमेंत हळद, चुना किंवा तिखट भरूं नये.

कायद्याचेंहि थोडें ध्यानांत असावें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें, कुत्रा सतत बांधून ठेवून त्यास न फिरविणें, किंवा तो उपासमारीनें हाल भोगील अशा स्थितींत त्यास सोडून देणें, हा अपराध आहे. कंटाळा आला म्हणून पोत्यांत घालून दूरच्या गांवीं सोडून येणाऱ्यांनीं हें वाचावें. ज्या महाभारताच्या आरंभीं निरपराध पिलास मार बसला, त्याच महाभारताच्या अखेरीस धर्मराजानें, आश्रयास आलेल्या कुत्र्यास टाकून यावयाचें असेल तर स्वर्गहि नको, असें इंद्रास सांगितलें.

तेव्हां सुज्ञ वाचकांस आमची सूचना अशी, कीं पिलूं आणण्याच्या आठ दिवस आधीं एक कागद घ्यावा. सकाळीं फिरविणें, दोन वेळचें जेवण, पाणी, सफाई, पशुवैद्याकडे नेणें, खर्च, आणि सर्वजण गांवीं गेल्यास घरीं राहणें, हीं कामें एकाखालीं एक लिहावीं, आणि प्रत्येकासमोर ज्यानें त्यानें आपल्या हातानें आपलें नांव घालावें. नंतर तो कागद सूनबाईंस वाचावयास द्यावा. सर्व ओळींत त्यांचेंच नांव दिसत असेल, तर मुलांस स्पष्ट नाहीं म्हणून सांगावें आणि अंगणाबाहेरच्या कुत्र्यास रोजची भाकरी तेवढी घालीत जावें. नांवें निरनिराळीं असतील, तर खुशाल टोपली आणावी.