बाई हटवा, बाहुली ठेवा?

टोकियो गेम शोमध्ये स्टॉलवर मुली उभ्या करण्यावर बंदी घाला, अशी मागणी करणारं एक निवेदन गेले दोन महिने आपल्या गटांमध्ये फिरतं आहे. परदेशातल्या मैत्रिणींनी पाठवलेलं, आपण मराठीत केलेलं. त्यावर मी सही केलेली नाही. काही जणींना त्याचा राग आला आहे. एकीने तर विचारलं, "तू कधीपासून बाजाराची वकिली करायला लागलीस?" मैत्रिणींनो, वकिली मी करणारच आहे, पण त्या स्टॉलवर उभ्या असलेल्या बाईची.

ज्यांनी निवेदन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. टोकियो गेम शो हा व्हिडिओ गेमच्या धंद्याचा जपानमधला सगळ्यात मोठा वार्षिक मेळा. नाव टोकियोचं, पण भरतो शेजारच्या चिबा शहरात, माकुहारी मेस्से नावाच्या प्रचंड प्रदर्शन-संकुलात. (हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) १९९६ साली सुरू झाला. आधी वर्षातून दोनदा भरायचा, २००२ पासून एकदाच, सप्टेंबरच्या सुमारास. २०२४ साली चार दिवसांत २,७४,७३९ माणसं येऊन गेली. ९८५ कंपन्या आणि संस्थांनी स्टॉल मांडले होते. पहिले दोन दिवस व्यापाऱ्यांचे, नंतरचे दोन आम जनतेचे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे गिऱ्हाईक लहानपणापासूनच घडवायचं.

स्टॉलवर गर्दी खेचायला कंपन्या तरुण मुली भाड्याने घेतात. त्यांना तिथे 'कंपॅनियन' म्हणतात. कंपनीच्या रंगाचे, बहुतेक वेळा तोकडे कपडे, उंच टाचा, हातात पत्रकं आणि चेहऱ्यावर हसू. समोर कॅमेरे घेतलेल्या पुरुषांचे घोळके. खेळांच्या बातम्या देणारी जपानी नियतकालिकंही दरवर्षी या मुलींच्या फोटोंची वेगळी पानं काढतात. खेळ कोणता, हे कधीकधी फोटोत दिसतही नाही. हे पाहून आपल्याला चीड येते, ती यायलाच हवी. बाईचं शरीर मालाच्या शेजारी मांडलं की मालाला उठाव येतो, हे गणित आपण साबणाच्या जाहिरातीपासून मोटारींच्या प्रदर्शनापर्यंत पाहत आलो आहोत. याबाबतीत निवेदन लिहिणाऱ्यांशी माझं काडीचंही भांडण नाही.

भांडण आहे ते मागणीशी. "हटवा" म्हणजे कोणाला हटवा? कपडे ठरवणाऱ्या जाहिरात खात्याला? कंत्राट घेणाऱ्या एजन्सीला? नाही. हटवायची आहे ती रोजंदारीवर आलेली मुलगी.

हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलेला आहे, म्हणून त्याचा निकालही पाहता येतो. लॉस एंजेलिसमधल्या 'ई थ्री' या अशाच मोठ्या मेळ्याने २००६ साली जाहीर केलं की स्टॉलवरच्या मुलींचे कपडे नियमात बसले नाहीत तर कंपनीला ५,००० डॉलर दंड. टाळ्या पडल्या. पुढे काय झालं? २०१४ साली त्याच देशात, खेळांमधल्या स्त्रीचित्रणावर बोलणाऱ्या अनिता सार्कीसियन यांना गोळीबाराच्या धमकीमुळे युटामधल्या विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं. झोई क्विन या खेळ बनवणाऱ्या बाईला धमक्यांपायी घर सोडावं लागलं. २०२१ साली कॅलिफोर्निया राज्याने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या बड्या कंपनीवर खटला भरला. पगारात आणि बढतीत बायकांशी भेदभाव, शिवाय छळ, असे आरोप होते. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. छळाचे आरोप राज्याने मागे घेतले, कंपनीने काहीच कबूल केलं नाही. आणि त्याच महिन्यात ई थ्री मेळा कायमचा बंद झाल्याची घोषणा झाली. कपड्यांचा नियम करणारा मेळा संपला. ज्या कचेऱ्यांमध्ये खेळ बनतात तिथल्या बायकांची लढाई मात्र चालूच आहे. त्या दंडाने या बायकांना काय दिलं?

महाराष्ट्रातल्या बायकांना तर हे सांगायची गरजच पडू नये. ऑगस्ट २००५ मध्ये राज्यातल्या डान्स बारमधलं नृत्य बंद झालं. बायकांची अप्रतिष्ठा होते, असं कारण सरकारने दिलं. आपल्यातल्या कितीतरी जणींना तेव्हा ते पटलंही होतं. पण एका रात्रीत हजारो बायकांची रोजी गेली, आणि बार चालू राहिले. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी त्या बायकांना भेटून, त्यांची माहिती गोळा करून बंदीला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवायला २०१३ साल उजाडलं. आठ वर्षं त्या बायकांनी काय खाल्लं, हे बंदी मागणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही. त्याआधी १९९६ साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेच्या वेळीही आपण हाच धडा शिकलो होतो. शेजारी संस्कृतिरक्षक येऊन उभे राहिले, आणि "आमचा विरोध बाजाराला आहे, बाईच्या अंगाला नाही" हे ओरडून सांगताना आपला घसा बसला. ते निवेदन पुन्हा एकदा वाचा. 'शालीनता' हा शब्द त्यात तीनदा आला आहे. तो आपला शब्द नव्हे.

आता स्टॉलच्या आत जाऊ. निवेदनात आतल्या मालाबद्दल एक ओळही नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

'समर लेसन' नावाचा एक खेळ २०१४ साली पहिल्यांदा लोकांना दाखवला गेला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये विक्रीला आला. डोळ्यांवर यंत्र चढवायचं, की तुम्ही एका शाळकरी मुलीचे घरगुती शिक्षक. तिच्या खोलीत, तिच्या अगदी जवळ. खेळणारा मान वळवेल तिकडे त्याची नजर जाते, आणि ती मुलगी लाजते. कंपनीने हे तंत्रज्ञानाची कमाल म्हणून मिरवलं. २०१६ च्याच गेम शोमध्ये एका स्टॉलवर पुतळा ठेवला होता. डोळ्यांवर यंत्र लावून त्या पुतळ्याच्या छातीला हात लावला की समोर दिसणारी मुलगी प्रतिसाद द्यायची. कंपॅनियनला निदान "हात लावू नका" म्हणता येतं. ती घरी जाऊन मैत्रिणीला सांगू शकते, तक्रार करू शकते, संघटना बांधू शकते. पडद्यावरची मुलगी यातलं काहीच करू शकत नाही, म्हणून तर ती कंपनीला आवडते. तिला टाचा दुखत नाहीत, पाळी येत नाही, मजुरी द्यावी लागत नाही. आपण बंदी मागून त्या मेळ्यातली तोंड असलेली बाई बाहेर काढणार आणि बिनतोंडाची बाहुली आत ठेवणार.

म्हणजे मालावर बोलूच नये का? जरूर बोलावं. २००६ साली जपानमध्ये निघालेल्या 'रेपले' या खेळात खेळणाऱ्याने आई आणि तिच्या दोन मुलींवर बलात्कार करायचे होते. (असले खेळ गेम शोमध्ये मांडले जात नाहीत, हे न्यायाने सांगायला हवं.) २००९ साली 'इक्वॅलिटी नाऊ' या स्त्री संघटनेने त्याविरुद्ध मोहीम उघडली, आणि जपानमधल्या अशा खेळांच्या नियामक संस्थेला आपल्या सभासदांसाठी बलात्काराचे खेळ बंद करावे लागले. त्या मोहिमेत बोट मालावर आणि तो बनवणाऱ्यावर होतं, मजुरी करणाऱ्या मुलीवर नव्हतं.

एक सोपं उत्तर नेहमी पुढे येतं: बायका वरच्या खुर्चीवर बसल्या की सगळं बदलेल. केइको एरिकावा यांचं उदाहरण घ्या. नवऱ्याला वाढदिवसाला संगणक यांनीच घेऊन दिला, आणि त्यातून 'कोएई' ही खेळांची कंपनी उभी राहिली. बायकांनी बायकांसाठी खेळ करावा म्हणून त्यांनी 'रुबी पार्टी' नावाचा स्त्रियांचा गट बांधला. १९९४ साली त्या गटाचा 'अँजेलिक' आला, मुलींसाठीच्या प्रेमकथा-खेळांची सुरुवातच त्याने केली. अभिमान वाटावा असं काम. पण २००९ साली कोएई आणि टेक्मो या कंपन्या एकत्र आल्या, आणि बिकिनीतल्या मुली समुद्रकिनारी फिरवण्याचा टेक्मोचा 'डेड ऑर अलाइव्ह एक्स्ट्रीम' हा माल त्याच छपराखाली पुढेही विकला गेला. नफ्याचं गणित बाईच्या हातात आलं तरी गणितच राहतं.

आणि रिएको कोदामा? १९८४ साली त्या सेगा कंपनीत लागल्या. १९८७ च्या 'फँटसी स्टार'ची चित्रं मुख्यतः त्यांची. त्याची नायिका भावाच्या खुनाचा बदला घ्यायला तलवार घेऊन निघते, आणि तिचे कपडे कोणाला डोळे मारत नाहीत. श्रेयनामावलीत कोदामांचं नाव टोपणनावाने यायचं. दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून तेव्हा पुरुषांचीही नावं अशीच झाकत, हे खरं. पण ९ मे २०२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा कंपनीने बाहेर काहीच सांगितलं नाही. जगाला कळलं ते ऑक्टोबर अखेरीस, सेगाने बाजारात आणलेल्या एका यंत्राच्या श्रेयनामावलीतल्या श्रद्धांजलीच्या मजकुरातून. अडतीस वर्षं काम केलेल्या बाईच्या मृत्यूची बातमी साडेपाच महिन्यांनी आणि तीही अशी. निवेदनात नावं हवीत ती अशा बायकांची.

मग मागायचं काय? माझ्या मते पहिली मागणी खुर्ची. हसू नका. केरळात कोळिकोडच्या विजी आणि त्यांच्या 'पेनकूट' संघटनेने कापडाच्या दुकानांतल्या बायकांसाठी वर्षानुवर्षं बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ साली तिथल्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०२१ साली तमिळनाडूनेही केली. जपानमध्ये युमी इशिकावा यांनी २०१९ साली कामावर उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध 'कूटू' मोहीम चालवली. जपानीत 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे यातना, त्यावरून हे नाव. हजारो सह्या सरकारला दिल्या. त्यावर तिथले कामगारमंत्री म्हणाले की समाजाला मान्य असेल तितपत हे आवश्यकच आहे! टाचांची सक्ती नको, बसायला खुर्ची आणि ठरलेली विश्रांती हवी, फोटोला नाही म्हणण्याचा हक्क हवा, आणि नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीचं काम जाऊ नये. या मागण्या कंपॅनियन मुलींना विचारून करायच्या. त्यांच्यातल्या काही जणींना या कामातून नाव मिळतं, चाहते मिळतात, त्या आपल्याला "तुम्ही कोण?" असंही विचारतील. विचारू देत.

कायद्याचा आधारही आहे. नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये सुटं काम करणाऱ्यांसाठी नवा कायदा लागू झाला. त्यांचा छळ होऊ नये याची व्यवस्था काम देणाऱ्याने करायची आहे. गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध टोकियो महानगराने एप्रिल २०२५ पासून नियम आणला, पण तो टोकियोच्या हद्दीपुरता. मेळा भरतो चिबात! जून २०२५ मध्ये देशभरासाठीही तशी दुरुस्ती मंजूर झाली. तेव्हा मेळा भरवणाऱ्या संघटनेला विचारायचं की तुमच्या दालनात तक्रार घेणारी बाई कुठे बसते, आणि स्टॉल देताना कंपनीकडून काय लिहून घेता?

"जपानचं आपल्याला काय?" असंही एकीने म्हटलं. खाउजाच्या काळात ज्या मोटारी, जी सौंदर्यप्रसाधनं आली, त्यांच्यासोबत त्या विकण्याची रीतही आलीच. मे २०२५ मध्ये मुंबईत सरकारने 'वेव्हज' मेळा भरवून खेळांच्या उद्योगाला पायघड्या घातल्या आहेत. आणि आपल्या मोबाइलच्या दुकानांबाहेर, मॉलच्या दारात कंपनीचा टी-शर्ट घालून उभ्या असणाऱ्या 'प्रमोटर' मुली माझ्या कामात मला रोज भेटतात. नऊ-नऊ तास उभ्या, पगार एजन्सीकडून, आणि २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. पुढच्या अंकापर्यंत आपापल्या गावातल्या अशा दहा मुलींशी बोला. बसायला काय आहे, संडास कुठे आहे, तक्रार कोणाकडे करायची, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा.