समुद्राचा डबा, यवतमाळचं पाणी

यवतमाळहून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब. आमच्या पैनगंगेचं आणि वर्धेचं पाणी तर त्या बाजूला फिरकतही नाही, ते गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. तरी माझ्या मामांकडे गेली अठरा वर्षं बोटीवर वापरायचा जीपीएस आहे. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्राने दिलेला. पाण्यात पडला तर तरंगतो. त्यात ‘मॅन ओव्हरबोर्ड’ नावाची सोयही आहे, म्हणजे कुणी बोटीतून पडलं की बटण दाबून धरायचं आणि ती जागा तत्क्षणी नोंदवायची. मामांनी ती सोय वापरली कशासाठी, तर चिखलात जीप रुतली ती जागा लक्षात ठेवायला!

पण हसू नका मंडळी. तोच डबा चंद्र कधी उगवणार आणि कधी मावळणार तेही सांगतो. दर्यावर ते भरती-ओहोटीसाठी उपयोगी, आणि विदर्भात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजणाऱ्यांना. मामांनी सर्व्हेच्या कामात पांढरकवड्याच्या आसपासचं रान पायाखाली घातलं आणि जाता जाता जागा नोंदवत गेले. त्या नोंदवलेल्या जागेला म्हणतात वेपॉइंट. डब्यात असे 213 वेपॉइंट. नावं? 001, 002, 003... कारण बटणं दाबून एकेक रोमन अक्षर निवडत नाव टाकायला उन्हात उभं कोण राहणार, बॉस?

या दिवाळीत ठरवलं की हे सगळं लॅपटॉपवर घ्यायचं. मामा आता सत्तरीत आहेत आणि डब्याचा स्क्रीन अर्धा काळा पडलाय. दोघांपैकी कुणाची मेमरी आधी दगा देईल, यावर पैज लावायची माझी तयारी नव्हती.

तांत्रिक भाग ऐकायला भयंकर वाटतो, पण आहे एका दुपारचा. जुन्या डब्याची केबल सीरियल पोर्टची, आणि तो पोर्ट आपल्या लॅपटॉपवरून कधीच गायब झालाय. मग सीरियल-टू-यूएसबी कन्व्हर्टर आणि त्याचा ड्रायव्हर. खरी गोम मात्र डब्याच्या सेटिंगमध्ये असते. तिथे ‘एनएमईए’ असा एक पर्याय दिसतो. ही बोटीवरच्या यंत्रांची आपसातली भाषा. ‘मी आत्ता इथे आहे, आत्ता इथे आहे’ असं ती सतत बडबडत राहते. साठवलेल्या जागांचा गठ्ठा उतरवायचा असेल, तर बहुतेक जुन्या डब्यांवर कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल निवडावा लागतो. इथेच निम्मी जनता केबलला शिव्या देत हार मानते.

त्यात प्रत्येक कंपनीचा फाइलचा फंडा वेगळा. मालवणच्या एखाद्या ट्रॉलरवाल्याने जुनं यंत्र काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं, तर जाळं कुठल्या खडकात अडकतं आणि मासळी कुठे लागते ही वर्षानुवर्षांची कमाई जुन्या यंत्रातच राहायची भीती. यावर उतारा म्हणजे जीपीएसबेबल, एक फुकट प्रोग्रॅम. तो एका यंत्राची बोली दुसऱ्याच्या बोलीत नेतो. जीपीएक्स नावाची फाइल म्हणजे सगळ्यांना समजणारी मधली भाषा. ती 2002 साली आली, साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते. गूगल अर्थमध्ये टाकली की 213 ठिपके टपाटप उमटतात. सॉलिड दिसतं!

माझा मामेभाऊ मात्र केबलची भानगड नको म्हणून स्क्रीनवरचे आकडे हाताने एक्सेलमध्ये टाइप करायला बसला होता. एक पाणवठा डब्यात 19 अंश 54.50 मिनिटांवर. याने लिहिलं 54 मिनिटं 50 सेकंद. दिसायला सारखंच ना? पण साडेचोपन्न मिनिटं म्हणजे 54 मिनिटं 30 सेकंद. वीस सेकंदांचा फरक, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर जवळपास 31 मीटर. पाणवठा सहाशे मीटर उत्तरेला सरकला. मे महिन्यात यवतमाळच्या 45 अंशांत सहाशे मीटर काय असतात, ते एसीत बसून कळत नाही. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ मापाचे आणि जीपीएस ‘डब्ल्यूजीएस 84’चा. डब्यात चुकीचं माप निवडलेलं असेल, तर आणखी शंभर मीटरहून जास्त फरक. म्हणून केबल. केबल टायपो करत नाही.

मग संध्याकाळी चहा घेऊन मामांच्या शेजारी बसले. मी ठिपक्यावर क्लिक करायचं, त्यांनी सांगायचं.

‘सत्तावीस? थे पाणी हाय. उन्हाळ्यातही राह्यते.’

‘आणि अठ्ठावीस?’

‘थे कोलामाचं पोड. तिथं मले जेवाले घातलं होतं. लिही तसंच.’

लिहिलं तसंच. चार संध्याकाळी लागल्या. 213 पैकी 19 ठिपक्यांवर मामा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘पुढचं घे.’ त्या 19 ठिकाणी मीटरपर्यंत अचूक आकडे आहेत आणि तिथे काय आहे ते आता कुणालाच माहीत नाही.

मामेभावाचं म्हणणं, आता फाइल ग्रुपवर टाकू, ट्रेकिंगवाल्या पब्लिकला मजा येईल. इथे मी नाही म्हटलं. हा भाग टिपेश्वरच्या वाघांचा. 2019 च्या फेब्रुवारीत इथल्या एका तरण्या वाघाच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली होती. संशोधकांनी त्याला नाव दिलं ‘वॉकर’. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणाची सीमा ओलांडून आला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत 3,000 किलोमीटर! कॉलर दर तासाला त्याची जागा उपग्रहामार्फत कळवत होती, 5,000 हून जास्त नोंदी. ना केबल, ना ड्रायव्हर. त्या नोंदींवरूनच कळलं की शेतं, ओढे, रस्ते ओलांडत इतकं चालूनही माणसांशी त्याची गाठ जवळपास पडलीच नाही.

पण असे आकडे कुणाच्या कॉम्प्युटरवर आहेत, हा प्रश्न फार मोठा. 2013 मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची, तो खातं उघडण्याचा प्रयत्न कुणीतरी केला. तो हाणून पाडला गेला. तो आला कुठून होता? पुण्यातून. आपल्याच आयटीवाल्या पुण्यातून, हजारएक किलोमीटरवरून. हेतू काय होता ते उघड झालं नाही. पण शिकाऱ्याला वाघ शोधायला वाघाची कॉलरच लागते असं नाही, भर उन्हाळ्यात कुठे पाणी उरतं हे कळलं तरी पुरे. कोकणातला तांडेल मासळीची जागा शेजारच्या बोटीला सांगत नाही, ते काही उगाच नाही.

तेव्हा फायली दोन झाल्या. रस्ते, देवळं, चहाच्या टपऱ्या आणि जीप रुतायच्या जागा ग्रुपवर गेल्या. पाणवठ्यांची फाइल दोन पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडे आणि एक मामांच्या कपाटात. केबल दोन्ही दिशांनी चालते, त्यामुळे नावं दिलेले सगळे वेपॉइंट डब्यातही परत भरले. मामांना तेच हवं होतं. रानात मोबाइलला रेंज नसते, आणि डब्याला दोन पेन्सिल सेल पुरतात.