दोन शब्दांमधील अंतर

आमच्या आत्याबाईंचें नांव शाळेच्या जुन्या दाखल्यावर 'सिंधु' असें आहे व बँकेच्या पुस्तकावर 'सिंधू' असें. दाखला लिहिला गेला तेव्हां ऱ्हस्व उकाराची रीत होती. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तो दीर्घ केला. यांत बाईंचा दोष तो काय? परंतु यजमानांच्या पश्चात् मिळावयाचें निवृत्तिवेतन एवढ्या उकारापायीं तीन महिने अडून राहिलें, आणि 'व्यक्ति भिन्न दिसतात' असा शेरा कागदावर पडला.

संगणकाच्या व्यवसायांत असलेला आमचा पुतण्या त्यांस म्हणाला, "आत्याआजी, या दोन नांवांतलें अंतर अवघें एक आहे." शब्दांमधील अंतर मोजतां येतें, ही गोष्ट आम्हांस नवीन होती.

एका शब्दाचा दुसरा करण्यास कमीत कमी जितके फेरफार लागतील, तितकें त्यांचें अंतर. फेरफार तीनच: अक्षर घालणें, गाळणें वा बदलणें. लेव्हेन्श्टाइन नांवाच्या रशियन गणितज्ञानें १९६५ सालीं ही कल्पना मांडली.

हिशेबाची रीत वाचकांनीं कागदावर करून पहावी. 'कमळ' उभा लिहावा, 'कलम' आडवा. दोहोंच्या आधीं एकेक रिकामें घर ठेवून वरच्या ओळींत व डावीकडे ०, १, २, ३ असे आंकडे मांडावे. मग प्रत्येक घरासाठीं तीन शेजारी पहावे. वरच्या किंवा डावीकडच्या आंकड्यांत एक मिळवावा. तिरप्या शेजाऱ्याचा आंकडा, अक्षरें सारखीं असतील तर तसाच घ्यावा, नसतील तर एक मिळवून. तिहींत जो लहान तो त्या घरांत लिहावा. 'क'च्या ओळींत ०, १, २ येतात, 'म'च्या ओळींत १, १, १ आणि 'ळ'च्या ओळींत २, २, २. शेवटच्या कोपऱ्यांतील दोन हें उत्तर. 'ल' घालून 'ळ' गाळा, नाहीं तर दोन अक्षरें बदला, खर्च तोच.

आमच्या लिपींत मात्र एक मेख आहे. 'श्री' आणि 'स्त्री' हीं आपल्या डोळ्यांस एकेक अक्षरें, म्हणून अंतर एक. पण संगणक व्यंजन, हलन्तचिन्ह व वेलांटी हीं सुटीं सुटीं मोजतो; त्याच्या हिशेबीं 'श'चा 'स' करावयाचा आणि एक 'त' व एक हलन्तचिन्ह घालावयाचें, म्हणजे तीन. एकक कोणतें हें आधीं ठरविल्यावांचून आंकड्यास अर्थ नाहीं.

आणि ठरवूनही अर्थ कळतो असें नाहीं. 'दिन' व 'दीन' यांतही अंतर एकच. 'सुत' व 'सूत' यांतही. तेव्हां कचेरींतील कारकुनाची शंका अगदींच वेडगळ होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र अंतर एक दिसतांच त्यानें जन्मतारीख व पत्ता ताडून पहावयास हवा होता. दोन्ही कागदांवर तीं तंतोतंत जुळत होतीं, आणि त्यांस तीन महिने लागत नाहींत.

अखेर आत्याबाईंनीं प्रतिज्ञापत्र केलें. टंकलेखकानें त्यांत नांव घातलें 'सिधू'. पुतण्यानें लागलीच हिशेब केला: बँकेच्या नांवापासून एक, शाळेच्या नांवापासून दोन. प्रतिज्ञापत्र पुन्हां करावें लागलें.