साधेपणाचे गोडवे बंद करा

गणपतराव देशमुखांचे नाव निघाले की आपल्या पुढाऱ्यांना एकच गोष्ट आठवते. एसटीने फिरणारा आमदार. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा सर्व पक्षांनी त्यांच्या साधेपणापुढे मान झुकवली. आजही व्याख्यानांत, स्मरणलेखांत तोच सूर असतो. मला या कौतुकाची चीड येते. एसटीचा प्रवास हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बिनधोक भाग आहे. त्याचे कौतुक केल्याने कोणाच्याही खुर्चीला धक्का लागत नाही. त्यांनी जे केले आणि आजचा आमदार जे करायला तयार नाही, ते वेगळेच होते. ते मतदारांनी दिलेली जागा सोडून दुसरीकडे गेले नाहीत. याविषयी मात्र हीच मंडळी चार वाक्येही बोलत नाहीत, कारण ती स्वतःविरुद्धची साक्ष ठरेल.

त्यांची कारकीर्द बघा. १९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेत. १९७२ मध्ये पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पराभव, १९९९ मध्ये पुन्हा परत. २०१४ मध्ये वयाची ऐंशी ओलांडल्यावर अकराव्यांदा विजय. हे सगळे एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून, शेतकरी कामगार पक्षाकडून.

हा पक्ष चढत्या भावाचा नव्हता. त्याचे संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हेच पुढे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात बिनीचे किती तरी कार्यकर्ते तिकडे गेले. १९६७ मध्ये विधानसभेत शेकापचे १९ आमदार होते, २०१४ मध्ये ३ उरले. सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखाने, बँका, जिल्हा परिषद अशी सत्तेची सगळी दारे समोर उघडी असताना हा माणूस आटत चाललेल्या पक्षात पाय रोवून उभा राहिला. १९९५ चा तो १९२ मतांचा पराभव आजच्या एखाद्या पुढाऱ्याच्या वाट्याला आला असता, तर महिन्याभरात त्याच्या गळ्यात दुसऱ्या पक्षाचा गमछा दिसला असता.

याच्या विरोधात एक आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे सरकार स्थापन केले, त्यात गणपतराव मंत्री होते. म्हणजे फुटीतून जन्मलेल्या सरकारात तेही बसले होते. खरे आहे. ते सरकार ज्या रीतीने आले त्याचे समर्थन मी करणार नाही. पण फरक पाहा. शेकाप विरोधी बाकांवर होता आणि आपले नाव, आपला झेंडा घेऊन उघडपणे आघाडीत गेला. गणपतरावांच्या मतदारांनी शेकापला मत दिले होते आणि सरकारातही त्यांना शेकापच मिळाला. आघाडी करणे आणि मतदाराचे मत उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकणे या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही, त्याने आमदारकीचा अर्ज भरू नये.

आता त्याच सांगोल्याचे पुढचे पान. २०१९ मध्ये वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांच्या नातवाचा ७६८ मतांनी पराभव करून शिवसेनेचे शहाजीबापू पाटील निवडून आले. १९९५ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर गणपतरावांना हरवणारेही तेच होते. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेचे फुटलेले आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, त्यांत सांगोल्याचे आमदार होते. तिथून त्यांनी आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर केलेले बोलणे बाहेर आले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, समदं ओक्केमंदी.’ महाराष्ट्राने त्याची गाणी केली, रील केल्या, लग्नाच्या वरातीत ती वाजवली. वाहिन्यांनी बापूंना विनोदी कलाकारासारखे मिरवले.

मला त्यात हसण्यासारखे तेव्हा काही दिसले नाही, आजही दिसत नाही. त्या वेळी आसाम पुराने बुडाला होता, लाखो लोक बेघर झाले होते. त्याच राज्यातल्या पंचतारांकित हॉटेलात पोलिसांच्या पहाऱ्यात महाराष्ट्राचे आमदार मुक्कामाला होते आणि इकडे निवडून दिलेले सरकार कोसळत होते. सांगोल्याच्या दुष्काळी मतदाराने ज्याला मुंबईच्या विधानभवनात पाठवले, तो गुवाहाटीच्या डोंगरांचे वर्णन करत होता. ज्या क्षणी मतदाराने जाब विचारायचा, त्या क्षणी आपण टाळ्या दिल्या. पक्षांतराची लाज कायद्यातून आधीच गेली होती. ती समाजातून घालवण्याचे काम या हशाने केले.

या आमदारांची बाजू मी नीट ऐकली आहे. तिचे तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा, आम्ही भाजपशी युती म्हणून मते मागितली होती आणि २०१९ मध्ये नेतृत्वाने काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर जाऊन मतदाराला फसवले. हा आक्षेप पोकळ नाही. निवडणुकीपूर्वीची युती निकालानंतर मोडणे हीदेखील मतदाराची फसवणूकच आहे. पण मग हेच आमदार त्या सरकारात अडीच वर्षे बसले कसे? त्यातले काही तर मंत्री होते. सदसद्विवेकबुद्धी जागी व्हायला अडीच वर्षे लागत असतील, तर जागी झाल्यावर तरी राजीनामा देऊन लोकांकडे जायला हवे होते.

दुसरा मुद्दा निधीचा. मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो, असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातला कबुलीजबाब आता ऐकूच येत नाही. विरोधी आमदाराच्या तालुक्याला सरकार पैसे देत नाही, असे हा आमदार भर चौकात सांगत असतो. पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे त्या तालुक्यातल्या माणसानेही कर भरून दिलेला. तो अडवून ठेवणाऱ्या सरकारला सभागृहात धारेवर धरायचे सोडून हा त्याच सरकारच्या मांडीवर जाऊन बसतो आणि त्याला विकास म्हणतो. गणपतरावांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांची ताकद उभी केली आणि टेंभू, म्हैसाळ या सिंचन योजनांच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे सरकारच्या मागे लागले. सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली. निधीसाठी पक्ष सोडावा लागतो, हे विधान सांगोल्यातच खोटे ठरले आहे.

तिसरा मुद्दा, २०२४ च्या निकालाचा. शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आमदार निवडून आले, म्हणजे जनतेने पसंती दिली, विषय संपला. विषय संपत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ सरकारी तिजोरी हातात ठेवून, योजनांचे पैसे वाटून झाल्यावर मिळालेला कौल हा आधीच्या कृत्याचा परवाना होत नाही. जनता खरोखर बरोबर होती, तर जुलै २०२२ मध्येच राजीनामे देऊन पोटनिवडणुकीला का सामोरे गेला नाहीत? आणि सांगोल्यात पहिली संधी मिळताच मतदाराने शहाजीबापूंना घरी बसवले आणि शेकापला परत आणले. निवडून आले तेही गणपतरावांचे नातूच, आणि घराण्याकडे जागा जाण्याचा मला आनंद नाही. पण पक्ष फुटला तेव्हा त्या मतदाराला कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट त्याने विसरू दिली नाही.

हे सगळे घडते कारण कायदाच तसा आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. त्यात एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती. ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढली, पण दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची पळवाट तशीच ठेवली. म्हणजे एकट्याने गेलात तर गुन्हा, कळपाने गेलात तर विलीनीकरण. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, बरोबर दोन-तृतीयांश. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन एकनिष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. ११ निवडून आले आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यातले ८ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन-तृतीयांश व्हायला आठच लागतात. तीन धर्मांच्या देवांपुढे घेतलेली शपथ आठ महिनेही टिकली नाही आणि कायद्यातले गणित मात्र तंतोतंत पाळले गेले.

राहिला निवाडा. तो विधानसभाध्यक्षांकडे आहे आणि अध्यक्ष सत्ताधारी बहुमताने निवडलेले असतात. शिवसेनेच्या फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे ठरवले, शिंदे गटाच्या प्रतोदाची नियुक्ती बेकायदा ठरवली आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपवला. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी तो १० जानेवारी २०२४ रोजी दिला. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. पक्षांतराचा निवाडा करणारे अध्यक्ष स्वतः शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि तिथून भाजपमध्ये आलेले. कोणत्याही न्यायालयात असा न्यायाधीश चालला नसता. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच हा अधिकार अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले होते. संसदेने तो केला नाही. यात कोणताही पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही. ज्याला आज फुटीचा फटका बसला, त्याने काल दुसऱ्याचा पक्ष फोडला आहे.

म्हणून माझी मागणी साधेपणाची नाही. आमदाराने एसटीने यावे की गाडीने, हा माझा प्रश्न नाही. विलीनीकरणाची तरतूद रद्द करा. ज्याला पक्ष सोडायचा आहे त्याने जागा सोडावी आणि त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत त्याला मंत्रिपद किंवा महामंडळ मिळू नये, मग तो पोटनिवडणूक जिंको वा हरो. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या हातून काढून तीन महिन्यांत निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणाकडे सोपवा. पुढच्या वेळी गणपतरावांच्या फोटोला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक आमदाराला आणि खासदाराला लोकांनी तिथेच, माईकसमोर विचारावे: या दुरुस्तीला तुमचा पाठिंबा आहे की नाही? जो उत्तर टाळेल, त्याच्या हातातला हार काढून घ्या.