इम्प्लांट बसवताय? डॉक्टरांपासून काहीही लपवू नका!

पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला आणि त्यांच्या घरच्यांना कळकळीची विनंती आहे: जबड्यात स्क्रू बसण्याआधी तब्येतीची सगळी माहिती डॉक्टरांना द्या. ‘दाताच्या कामाशी याचा काय संबंध?’ म्हणून जे सांगायचे राहते, तेच पुढे नडते.

टायटॅनियमचा हा स्क्रू हाडात पक्का रुजायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. त्या काळात हाडाला भरपूर रक्त मिळायला हवे, आणि निकोटीनने तर रक्तवाहिन्या आकसतात. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या मावशी ‘छे!’ म्हणतात. मिश्रीही तंबाखूचीच असते. विडी, सिगारेट, गुटखा, मावा, मिश्री, जे असेल ते सांगा; आणि सोडा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट बसवता येते; नसेल तर जखम लवकर भरत नाही, जंतुसंसर्ग होतो.

हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड मृत होते. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतले असेल, तर कितीही वर्षे लोटली तरी सांगा. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पायोरियाने दात गेले असतील तर आधी हिरड्यांवर उपचार करून घ्या. झोपेत दात खाण्याची सवयही सांगा. त्या दाबाने इम्प्लांट सैल होऊ शकते.

ऑपरेशननंतर भूल उतरूनही खालचा ओठ बधिर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नसेला इजा झालेली असू शकते. पुढे कधीही ब्रश करताना रक्त आले, पू दिसला, हिरडी सुजली, तर ‘दुखत तर नाही’ म्हणून थांबू नका. आतले हाड बहुतेक वेळा न दुखताच झिजते.

आजच एका कागदावर आपले आजार, चालू-बंद औषधे आणि व्यसने लिहून काढा. तो कागद डॉक्टरांच्या हाती दिल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.