पान्ह्याची सुई

कर्जत तालुक्याच्या अवर्षणग्रस्त खेड्यांत दूध हाच अनेक घरांचा रोखीचा आधार आहे, हे आम्ही जाणतो; म्हणूनच हे लिहिणे आम्हांस जड जाते. वासरू दगावले की म्हैस पान्हा चोरते आणि मग काही गोठ्यांत ऑक्सिटोसिनची सुई टोचली जाते. दुधातून येणाऱ्या या संप्रेरकाने मुली अकाली वयात येतात, अशी भीती बोलली जाते. तिला आम्ही दुजोरा देत नाही. हे द्रव्य आपल्या पाचकरसांत मोडून जाते. परंतु जनावराला अपाय करणारी दूधवाढीची टोचणी १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच ठरविली आहे.

ग्राहकाला खरा धोका दुसऱ्या सुईचा आहे. दगडी झालेल्या कासेवर प्रतिजैविक दिल्यावर औषधावर नमूद केलेले दिवस दूध विकावयाचे नसते. तेच दूध किटलीत ओतले, तर पेनिसिलिन न सोसणाऱ्यास अपाय संभवतो आणि रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. असे दूध शुद्ध म्हणून विकणे म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग होय, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. मात्र ओतून द्याव्या लागणाऱ्या दुधाचा तोटा एकट्या गरिबाने का सोसावा? त्यात दूध संघांनीही वाटा उचलावा. प्रामाणिकपणाची किंमत केवळ दुबळ्याकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.