खिडकीतलं गवत आणि भांड्यातलं दूध

स्वित्झर्लंडमधल्या ‘चॉकलेट ट्रेन’वर अलीकडे एक टीका वाचनात आली. लिहिणारे गृहस्थ पायी हिंडण्याचे कडवे पुरस्कर्ते आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माँत्रोहून गाडीत बसवायचं, काचेतून डोंगर दाखवायचे, ग्रुएरला चीजचा तुकडा आणि ब्रॉकला चॉकलेटचा तुकडा हातावर ठेवायचा आणि शेवटी दुकानात नेऊन सोडायचं. निसर्ग हे आमिष, कारखाना ही जाहिरात आणि रेल्वे हा नुसता देखावा. कोको तिथे पिकत नाही, पिकतो तिथे मळ्यांत मुलं राबतात, चॉकलेट विमानतळावरही मिळतं, आणि गाडीच्या नावाखाली पुढचा रस्ता बसनेच कापायचा असतो. याला प्रवास म्हणू नये, खरेदी म्हणावं.

यातला देखाव्याचा आरोप मला सर्वांत जास्त खटकला, कारण तो करणाऱ्याने त्या खोऱ्याचा इतिहास उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. ब्रॉकचा कारखाना पर्यटकांना रमवायला डोंगरात नेऊन ठेवलेला नाही. फ्राँस्वा-लुई काये यांनी १८१९ साली चॉकलेटचा उद्योग सुरू केला तो खाली, जिनिव्हा सरोवराच्या काठी, व्हेवेच्या परिसरात. त्यांचे जावई दानिएल पीटर आधी मेणबत्त्या करत. कोकोत दूध मिसळायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि अडचण आली ती दुधातल्या पाण्याची. दूध आटवल्याशिवाय ते कोकोशी जमवून घेईना. १८७५ साली दुधाचं चॉकलेट जमलं ते हे पाणी काढून. त्यानंतर या धंद्याला कोकोइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, ताज्या दुधाची गरज पडू लागली. फ्राँस्वा-लुई यांचे नातू अलेक्झांडर काये यांनी १८९८ मध्ये ब्रॉकला कारखाना काढला तो ग्रुएरच्या कुरणांजवळ, दूध जिथे होतं तिथे. कोको बोटीतून कितीही लांबून येऊ शकतो, दूध येऊ शकत नाही. आजही तिथे आसपासच्या गोठ्यांचंच दूध आटवून वापरतात. आणि रेल्वे? ब्युल ते ब्रॉक हा फाटा १९१२ साली सुरू झाला. कारखान्याजवळच्या स्टेशनाचं नाव कित्येक वर्षं ‘ब्रॉक-फाब्रिक’ होतं, मार्ग रुंद करून घेतल्यावर २०२३ पासून ते ‘ब्रॉक-शोकोलातरी’ झालं. कारखान्याच्या दाराशी रेल्वे आली, कारण कारखान्याला ती हवी होती. तिच्यातून आता पाहुणे जातात एवढ्याने ती खोटी ठरत नाही.

चीजच्या बाबतीत तर खिडकीतला निसर्ग आणि कारखाना वेगळे काढताच येत नाहीत. ग्रुएर हे नाव लावायचं तर गाईंना मुरघास घालायला बंदी आहे. उन्हाळ्यात कुरणातलं गवत, हिवाळ्यात वाळलेलं गवत. दूध कच्चंच वापरावं लागतं, त्यामुळे ते लांबून आणण्याची सोय नाही. गोठे जवळच असावे लागतात आणि दूध सकाळ-संध्याकाळ यावं लागतं. ग्रुएर स्टेशनासमोरच, प्रँजीला, चीजचा कारखाना आहे. तिथे सज्जातून खाली पाहिलं की तांब्याची चार भांडी दिसतात, प्रत्येकी ४८०० लिटरची. दुधाची कवडी झाली की तारांच्या चौकटीने ती कापत कापत गव्हाच्या दाण्याएवढी करतात, मग ५७ अंशांपर्यंत तापवतात. एका भांड्यातून बारा चाकं निघतात, प्रत्येक चाक साधारण ३५ किलोचं, म्हणजे एका चाकाला ४०० लिटर दूध. नंतर ती तळघरात निदान पाच महिने मुरतात, काही दीड वर्षाहून जास्त. गाडीतून दिसलेली हिरवीगार उतरण ही या भांड्यातल्या मालाची पहिली पायरी आहे. ज्याला ती ‘आमिष’ वाटली त्याने गवत पाहिलंच नाही.

आणखी एक गोष्ट. या चीजसाठी दूध साकळवायला जे रेनेट घालतात ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं. मराठी शाकाहारी कुटुंबं सहलीत आनंदाने तो तुकडा खातात, कारण वेष्टनावर गाय आणि फुलं असतात. भांड्यापाशी उभं राहून ‘यात काय घालता’ असं विचारलं की उत्तर मिळतं. मग खायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. कारखाना म्हणजे केवळ जाहिरात असती तर हे कळायची सोय तिथे नसती.

बाकीचे मुद्दे. काचेतून पाहणं खोटं, असं धडधाकट माणसानेच म्हणावं. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना वाटेवरची जामानची खिंड चढायला सांगणं हा उद्दामपणा आहे. बसचं म्हणाल तर ज्याला ती नको त्याने वाटेत मोंबोव्हाँला गाडी बदलावी, साधी लोकल त्याला ग्रुएरमार्गे ब्युलला नेते आणि तिथून ब्रॉकला. आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या मळ्यांत मुलं राबतात, हे खरं आणि लाजिरवाणं आहे. पण हा आक्षेप चॉकलेटवर आहे, तो विमानतळावर घेतलेल्या डब्यालाही तेवढाच लागू पडतो, आणि त्या डब्याला मात्र टीकाकारांनी तो लावलेला नाही.

रेल्वेला तुच्छ लेखायची ही खोड जुनी आहे. ‘प्रवास उतरल्यावर सुरू होतो, गाडी ही मधली सोय’ असं आपल्याकडेही म्हटलं जातं, मला ते पटत नाही. आपल्याच दुधाचं उदाहरण घ्या: १९४५ पासून मुंबईला आणंदकडचं दूध रेल्वेने येऊ लागलं आणि त्या गाडीने खेडा जिल्ह्यातल्या गोठ्यांचं नशीब पालटलं. अशा मार्गावरून जाताना खिडकीबाहेरच्या म्हशींकडे पाहणारा माणूस वेळ घालवत नसतो. त्याच्या चहात काय येतं ते तो पाहत असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: अशी सहल जरूर करावी, पण दूध पाहायला करावी. चीज बनवणं दिवसभर चालू नसतं, ठरावीक वेळांनाच भांडी भरतात, त्या वेळा आधी पाहून गाडी धरावी. आपल्याकडच्या सहल कंपन्या प्रँजीला घाईघाईने फिरवतात आणि दुकानात मात्र सैल सोडतात. त्यांनी दुकानातला अर्धा तास काढून सज्जावर द्यावा, आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी तो मागून घ्यावा.